वारूचा सहवासांक

वारू सापडल्याचा फोन आला तेव्हा कांचन लवटे बागेत डाळिंबांना कागदी पिशव्या बांधत होती. कुत्रा चोरीला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत तिनं तालुक्यातले सगळे आठवडी बाजार पालथे घातले होते, दोन देवऋषी करून झाले होते, आणि गावातल्या प्रत्येक शहाण्या माणसाकडून "कुत्रंच ते, दुसरं मिळंल" हे ऐकून घेतलं होतं. त्या शहाण्यांपैकी एकाचीही म्हैस चोरीला गेली नव्हती, म्हणून त्यांना शहाणं राहणं परवडत होतं.

"जिता हाय ना?" तिनं एवढंच विचारलं.

"जिवंत आहे, धडधाकट आहे," जिल्ह्याच्या पशुदवाखान्यातून डॉक्टर मुलाणी बोलत होत्या. "पण तुम्ही उद्या समक्ष या. थोडी भानगड आहे."

जिता आहे म्हटल्यावर भानगडीचं कांचनला काही वाटलं नाही. ती तिथंच बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली. रडून झाल्यावर उरलेल्या पिशव्या बांधल्या, कारण फळांना ऊन लागतं ते लागतंच.

वारू म्हणजे चार वर्षांचा कारवानी कुत्रा. लांब मुस्कट, खपाटीला गेलेलं पोट आणि सशाला माळावर मागं टाकणारे पाय. अशा कुत्र्यांना शर्यतीसाठी आणि पैदाशीसाठी फार मागणी, त्यामुळं त्यांच्या चोऱ्याही फार. मोटारसायकलवर दोघं येतात, मागचा मटणाचा तुकडा दाखवतो, आणि दहा मिनिटांत कुत्रा दुसऱ्या तालुक्यात असतो. पूर्वी कुत्र्याच्या मानेत ओळखीची चिप बसवायचे. चोर ती ब्लेडनं काढून दुसरी बसवू लागले. कागदपत्रं तर काय, छापाल तशी. मग सहवास चाचणी आली आणि चोरांची पंचाईत झाली.

ही चाचणी काय आहे हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या प्रत्येकाच्या कातडीवर कोट्यवधी सूक्ष्मजीव नांदत असतात. ते उपद्रवी नसतात. आपण काय खातो, कुठल्या मातीत राबतो, कुठलं पाणी अंगावर घेतो, यावर त्यांची जात आणि प्रमाण ठरतं. त्यामुळं दोन माणसांचा हा गोतावळा कधी तंतोतंत सारखा नसतो. एका घरात राहणारी माणसं मात्र नकळत आपला गोतावळा एकमेकांना वाटत राहतात, आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटेकरी असतो घरातला कुत्रा. त्याला सगळे कुरवाळतात, तो सगळ्यांना चाटतो. घरातल्या प्रत्येकाची खूण त्याच्या अंगावर साठत जाते.

शास्त्रज्ञांनी पुढचा शोध लावला तो केसांचा. केस वाढताना त्या त्या दिवसांतल्या खुणा त्याच्यात अडकून राहतात. म्हणजे केसाच्या मुळाशी कालपरवाचा सहवास, आणि टोकाला चार महिन्यांपूर्वीचा. यंत्रात केस घातला की चाळीस मिनिटांत आकडे येतात. कुत्र्याच्या अंगावर शंभरात अमक्याचा हिस्सा इतका, तमक्याचा तितका. यालाच सहवासांक म्हणायचं. कुत्र्याला लस टोचायला नेलं की ही चाचणी होतेच. केसाच्या टोकाला एक घर आणि मुळाशी दुसरं निघालं की यंत्र तांबडा दिवा लावतं.

या यंत्रानं कुत्री सापडली, तशी बऱ्याच घरांत भांडणंही लागली. "मीच रोज फिरवतो त्याला" म्हणणाऱ्या कित्येक नवऱ्यांचा सहवासांक तीन निघाला आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा बावन्न. एका गावात तर माजी सरपंचांच्या कुत्र्यावर विरोधी पार्टीच्या पुढाऱ्याची खूण सापडली, आणि निवडणुकीआधी दोघं रोज कुठं बसत होते ते साऱ्या गावाला कळलं. माणूस खोटं बोलतो, पण त्याच्या कुत्र्याचा केस बोलत नाही.

शनिवारी कांचन दवाखान्यात पोहोचली. पिंजऱ्यात वारू होता. त्यानं तिला पाहिलं आणि जो हंबरडा फोडला, तो ऐकून रांगेतल्या शेळ्याही गप्प झाल्या. ती जाळीला चिकटून बसली, बोटं आत घातली आणि तो ती चाटत राहिला.

"आता आनि काय पुरावा पायजे?" तिनं विचारलं.

"हा पुरावा धरत नाहीत, काकू," डॉक्टर मुलाणी ओशाळून म्हणाल्या. वयानं लहान, पण कामाला चोख बाई. "चोर मटण खायला घालून आठ दिवसांत कुत्र्याला शेपूट हलवायला शिकवतात. हात पुढं करा."

त्यांनी कांचनच्या तळहातावरून कापसाची काडी फिरवली, वारूच्या मानेवरचे आणि कपाळावरचे केस घेतले. बाकावर दुसरा दावेदार बसला होता, प्रीतम ढोबळे नावाचा श्वानपालक. त्याच्याकडं खरेदीची पावती होती, नवी चिप होती, आणि त्यानं स्वतःच वारूला लस टोचायला आणलं होतं. म्हणजे माणूस चोर नव्हता. चोराकडून घेतलेला माल त्याच्या गळ्यात पडला होता, एवढंच.

चाळीस मिनिटांनी आकडे आले. केसाच्या मुळाशी सगळे ढोबळेच होते, ते साहजिकच होतं. टोकाला, म्हणजे चोरीच्या आधीच्या काळात, कांचनचा हिस्सा निघाला चव्वेचाळीस.

"लागतात साठ," डॉक्टर म्हणाल्या.

ही साठची अट उगीच नव्हती. कुत्र्याला चार वेळा बिस्कीट घालणारा शेजारीही पंधरा-वीसपर्यंत जातो. अट नसती तर गल्लीतल्या प्रत्येकानं प्रत्येक कुत्र्यावर हक्क सांगितला असता. साठ भरले तर कुत्रा त्याच दिवशी घरी. नाही भरले तर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच राहणार आणि मामला कोर्टात जाणार. कोर्टातलं भिजत घोंगडं किती वर्षं भिजतं आणि कारवानी कुत्रा किती वर्षं जगतो, याचा हिशेब कांचनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पण काकू, एक तिसरा माणूस आहे," डॉक्टरांनी यंत्राचा पडदा तिच्याकडं वळवला. "एकतीसचा हिस्सा, आणि तो जुना आहे. निदान चार महिने तरी कुणीतरी नेमानं याला जवळ घेतलंय. नोंदणीत तुम्ही घरची माणसं म्हणून एकट्या स्वतःला लिहिलंय."

"एकटीच ऱ्हाते मी. मालक जाऊन पाच वर्षं झाली, लेक सासरी."

"मग हा कोण? जो कोणी असेल त्याला सोमवारी दुपारी बारापर्यंत आणा. त्याचा हात तपासू, आणि तुम्ही दोघांनी 'आम्ही एका घरचे आहोत' असं लिहून दिलं की दोन्ही हिस्से मिळवता येतात." मग त्या जरा घुटमळल्या. "कपाळावरच्या केसांत हळद सापडलीय. तुम्ही लावता का?"

"भंडारा असंल तो," कांचन म्हणाली. "रविवारी दुपारी घरी येतो तवा कपाळ पिवळं असतं त्याचं. खंडोबाच्या देवळाकडं जात असंल."

"आणि अजून एक. त्या तिसऱ्या माणसाची खूण थोडी तुमच्या तळहातावरही आहे."

कांचननं हात पदराला पुसला.

रविवारी सकाळीच तिनं खंडोबाचं देऊळ गाठलं. तिचा हिशेब सरळ होता. भंडारा म्हणजे देऊळ आणि देऊळ म्हणजे नामदेव गुरव. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, त्याचा गुरव कुत्र्याला कुरवाळणार नाही तर कोण? "एका घरचे" म्हणून गुरवाबरोबर सही करायची तर गाव हसेल, पण हसू दे.

नामदेव गुरवानं सगळं ऐकलं आणि आधी मागं वळून देवाकडं पाहिलं.

"कांचनवैनी, देवाफुडं खोटं बोलत न्हाई. कुनाला सांगू नका, पन मी कुत्र्याला लई भितो. ल्हानपनी पोटरीला धरलं हुतं. तुमचं ते वाघरू देवळात आलं असतं तर मी कळसावर दिसलो असतो."

"मग भंडारा कोन लावतंय?"

गुरव समईची वात सारखी करू लागला. ती आधीपासून सारखीच होती.

"बोल की."

"तुमाला ठाऊक हाय वैनी, आमी गाववाले तुमच्या दोघींच्या मधी बोलत नसतो," तो म्हणाला आणि तेवढ्यातच सगळं सांगून गेला.

दोघी म्हणजे कांचन आणि तिची थोरली जाऊ जयमाला. नऊ वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. जमीन मोजली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, भांडी वाटली, सगळं गोडीगुलाबीनं झालं आणि गाडं अडलं देव्हाऱ्याशी. देवांचे चांदीचे टाक थोरल्या घरी राहतात, धाकट्यांनी नवे घडवून जुन्या देवांना भेटवून आणायचे, अशी रीत. कांचनला मात्र खंडोबाचा तो जुनाच टाक हवा होता. लग्न होऊन आल्यापासून ती तोच पुजत होती. त्यावर जयमाला म्हणाली, "देव म्हंजी काय डाळिंबाचं झाड हाय व्हय, गुटी बांधून कलम द्यायला?" चार माणसांत म्हणाली. कांचननं नवे टाक घडवलेच नाहीत. त्या दिवसापासून तिच्या घरात भंडाऱ्याची चिमूटही नव्हती.

पुढं दोघे भाऊ गेले, भांडण तेवढं मागं उरलं. दोघींच्या वस्त्या शेतात, मध्ये एक ओढा. गावातल्या कुणी एकीची गोष्ट दुसरीला सांगितली की सांगणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसत. त्यामुळं गावानं कानाला खडा लावला होता. कांचनचं कुत्रं चोरीला गेलं हे जयमालेला कुणी सांगितलं नाही, आणि ते दर दिवसाआड ओढा ओलांडून कुठं जात होतं हे कांचनला कुणी सांगितलं नाही.

ओढ्यापर्यंत कांचन तणतणतच गेली. आपलं कुत्रं. ते पिलू असताना आपण कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलेलं. देव नेले ते नेले, आता कुत्र्यातही एकतीसचा वाटा! ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडं चढून ती जयमालेच्या परड्यात आली आणि थबकली.

मागच्या दाराच्या पायरीवर एक लहान पितळी ताटली होती. तिच्यात दुधात कुस्करलेली चतकोर भाकरी आणि कडेला भंडाऱ्याची चिमूट. ताटली स्वच्छ घासलेली होती. दोन कावळे कौलावर वाट बघत बसले होते.

दार उघडंच होतं. जयमाला देव्हाऱ्यासमोर देव पुसत बसली होती. केस पार पांढरे झाले होते. ते कधी झाले हे कांचनला माहीत नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली. नऊ वर्षांनी तोंडातून निघालेला शब्द जरा घोगरा आला.

जयमालेनं मान वळवली नाही. "बांधून घातलंस न्हवं त्याला? चार रविवार झाले. कळलं असंल तुला, हिकडं येतंय म्हनून. तुझं कुत्रं हाय, मी कोन बोलनार."

"चोरीला गेलाय तो, अक्का."

जयमालेचा हात देवाच्या अंगावरच थांबला. मग तिनं सावकाश मागं वळून पाहिलं, आणि कांचनला दिसलं की या बाईनं चार आठवडे भलत्याच गोष्टीचं दुःख केलं आहे.

कांचननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चव्वेचाळीस, एकतीस, साठ, सोमवार, बारा वाजता. जयमालेला यंत्र किती कळलं कोण जाणे, पण आकडे नीट कळले.

"आनि कागदावर काय लिवायचं?"

"आपुन एका घरच्या म्हनून."

बाहेर कावळे ताटलीवर उतरले होते. नेहमी त्यांना हुसकावणाऱ्या जयमालेनं आज तिकडं पाहिलंही नाही.

"नऊ वर्सांमागं कागदावरच लिवलं हुतं, येगळ्या म्हनून," ती म्हणाली.

"तुमीबी सही केली हुती."

"केली हुती." जयमालेनं गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला जमलं नाही. कांचनचा हात आपोआप पुढं गेला, आणि जयमालेनं तो धरला. "सकाळची गाडी कितीला हाय?"

सोमवारी गाडीत दोघी शेजारी बसल्या, पण बोलल्या जेमतेम. एवढ्या वर्षांचं साठलेलं एका तिकिटात बोलून होत नाही.

दवाखान्यात जयमालेच्या तळहातावरून काडी फिरली. प्रीतम ढोबळेनं हरकत घेतली. "आज दोघी एक म्हणतील, उद्या भांडतील. बघून तर वाटत नाही एका घरच्या." यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. डॉक्टर मुलाणींनी मग नियमाप्रमाणं दोघींना वेगवेगळं बोलावून कुत्र्याची माहिती विचारली. कांचननं नाव वारू सांगितलं, वय सांगितलं, डाव्या पायावरचा बाभळीच्या काट्याचा व्रण सांगितला. जयमालेनं व्रण सांगितला, वय सांगितलं, आणि नावापाशी अडली.

"त्याचं नाव मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "इचारनार कुनाला?"

"मग तुम्ही त्याला हाक कशी मारायचात, आजी?"

"धाकलीच्या म्हनायचे. ये रं धाकलीच्या, असं. माझ्या धाकल्या जावंचा हाय न्हवं तो."

खोलीचं दार पुरतं लागलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर कांचननं ते ऐकलं. सगळ्या रस्त्यानं आणि कालच्या रात्रभर ती मनात एकच घोकत होती, की हिनं माझं कुत्रं फितवलं. आणि ही दर वेळी त्याला हाक मारताना कांचनचंच नाव घेत होती. कांचनला लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की बाक सोडून उभं राहावं लागलं.

चाळीस मिनिटं भिंतीवरच्या घड्याळानं जीव खाल्ला. मग डॉक्टर हसतच बाहेर आल्या.

"तिसरा माणूस याच. चव्वेचाळीस आणि एकतीस, पंच्याहत्तर. न्या तुमचा कुत्रा."

कांचनचा जीव भांड्यात पडला. जयमालेनं नुसतं "मल्हारी" म्हटलं आणि भिंतीला टेकून बसली. दोघींनी कागदावर सह्या केल्या. घरची माणसं, दोन. सही करताना कांचनच्या मनात आलं की वारू आता कायमचा दोघींचा झाला, आणि त्याचं आपल्याला वाईट वाटत नाही.

पट्टा प्रीतम ढोबळेनंच आणून हातात दिला. खट्टू झाला होता, पण माणूस कुत्र्यांतला होता.

"एक सांगू का मावशी? माझ्याकडं होता तेवढ्या दिवसांत हा एकदाही ताट संपवून जेवला नाही," तो म्हणाला. "आणि रविवार आला की सकाळपासून फाटकाला नाक लावून बसायचा. मला वाटायचं, याला वार कसा कळतो?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. वारूनं मात्र कुणाकडं आधी जावं या फंदात न पडता दोघींच्या मधोमध पाठ टेकली आणि चारी पाय वर केले.

परतीच्या गाडीसाठी थांब्यावर बसल्या असताना जयमालेनं कनवटीची पुडी काढली. कालचा रविवार चुकला होता, तो भरून काढायचा होता. चिमूटभर भंडारा तिनं वारूच्या कपाळाला लावला. चिमटीत थोडा उरला. तिनं काही न विचारता तो कांचनच्या कपाळाला लावला.

कांचनच्या कपाळाला घरच्या देवाचा भंडारा नऊ वर्षांनी लागला होता. गाडी येईपर्यंत तिनं कपाळावरचा घामसुद्धा पुसला नाही.

पुढच्या वर्षी नोंदणी नव्यानं करायची वेळ आली. दोघी वारूला घेऊन डॉक्टर मुलाणींकडं गेल्या. हात तपासले, केस तपासले, आणि डॉक्टर पडद्याकडं बघून कपाळाला आठ्या घालून बसल्या. त्यांनी पुन्हा काड्या फिरवल्या, पुन्हा चाळीस मिनिटं थांबल्या.

"काय झालं?" कांचन पुढं सरकली. "कमी भरले का?"

"एक्क्याऐंशी भरलेत. पण मला यातले तुमचे किती आणि आजींचे किती, ते वेगळे करता येईनात. तुमच्या दोघींच्या हातांवरचा गोतावळा जवळजवळ एकच झालाय. असं सख्ख्या मायलेकींचं होतं, एका चुलीवर जेवणाऱ्यांचं होतं." त्यांनी पडद्यावरचा रकाना दाखवला. "यंत्र विचारतंय, घर एक लिहू की दोन?"

जयमाला खाली वाकून वारूच्या कानातलं गोचीड शोधत होती. तिनं मान वर केली नाही. पण तिचा हात थांबला होता, देव्हाऱ्यापुढं थांबला होता तसाच.

"एकच लिवा," कांचन म्हणाली.

"कुठल्या वस्तीचा पत्ता घालू?"

"देव हायेत तिथला घाला," ती म्हणाली, आणि वारूचा पट्टा जयमालेच्या हातात देऊन सही करायला पुढं झाली.